माझी आई मेलेली नाही

‘ही बाई श्वास घेते आहे, पण मेलेली आहे.’

पाळकसाहेब माइकवरून बोलले. बोट माझ्या आईकडे. बारामतीतली आमची ख्रिस्ती मंडळी, रविवारची उपासना. सगळ्या माना वळल्या. आई सणसरहून सकाळच्या एसटीनं आली होती, लेक कुठल्या देवाला लागली ते बघायला. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मांडीवर शेंगपोळ्यांचा डबा. ती खाली बघत राहिली.

प्रवचन आत्मिक मरणावर होतं. आदामानं फळ खाल्लं तेव्हा तो जागच्या जागी पडला नाही. पुढं जगला, जमीन कसली, लेकरं झाली. पण देवापासून तुटला, तेच मरण. हे मला पटतं. मी भोगलंय ते. माझं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर मी दवाखान्यात ड्यूटी करायचे, जेवायचे, झोपायचे, आणि आत काहीच नसायचं. देवाचं नाव काढलं तरी चीड यायची. मला ख्रिस्तानं उठवलं, हे मी कुणापुढंही सांगेन.

पण तोवर मला भरवलं कोणी? मेंढरांमागं अर्धा जन्म घालवलेल्या याच बाईनं. न्हाऊ घातलं, वेणी घातली. मेलेल्या माणसाला हे जमतं?

उपासनेनंतर प्रीतिभोजन असतं. सगळे घरून आणतात, एकत्र वाढून घेतात. आईनं डबा पुढं केला. पाळकसाहेबांच्या बाई म्हणाल्या, ‘नको, मूर्तीपुढं ठेवलेलं असेल.’ आणि डबा नेऊन चपलांपाशी ठेवला.

‘न्हाय वो बाई, देवाला न्हाय दावल्या. तुमच्यासाठीच केल्यात.’

कोणी ऐकलंच नाही. आईनं डबा उचलला आणि निघाली. ‘येते’ म्हणाली नाही. आमच्याकडं मयताच्या घरून निघताना तसं म्हणत नाहीत.

माझं डोकं भणाणलं. ताट ठेवलं. मी म्हणाले, ‘पाळकसाहेब, प्रेम नाही तिथं मरण, हे तुम्हीच शिकवलंत. मग इथं मेलंय कोण?’

ते हसले. ‘तुमच्यात मोठ्यांशी बोलायचे संस्कार नसतात, म्हणून समजून घेतो.’

तुमच्यात! बाप्तिस्मा घेतला, उपवास केले, हॉल झाडला. तरी मी ‘तुमच्यात’लीच. नव्या जन्माच्या एवढ्या गोष्टी सांगतात, आणि माझी जुनी जात तेवढी नीट लक्षात ठेवतात.

मी आईला स्टँडवर गाठलं. तिथंच आम्ही दोघींनी पोळ्या खाल्ल्या. आई म्हणाली, ‘तुजा देव चांगला हाय का गं?’

‘व्हय.’

‘मग ऱ्हा तितंच.’

आता पाळकसाहेबांचा निरोप आलाय. सगळ्यांपुढं माफी माग, तोवर प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत ख्रिस्ताच्या आठवणीनं देतात ती भाकर, बंद. त्या भाकरीच्या तुकड्यासाठी जीव तुटतो माझा, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून तर तोच अडवलाय.

माफी मागणार नाही. मंडळी सोडणार नाही. येत्या रविवारी आईला घेऊन पहिल्या बाकावर बसणार. पोळ्या पुन्हा करून नेणार आहोत. कोणाला खाऊ नये वाटलं तर नका खाऊ. पण डबा चपलांपाशी जाणार नाही.