पट्टे मोजणारी पोर

अंगणवाडीत टीव्ही आला तेव्हा मीच हौसेनं त्याला हार घातला होता. रोज अर्धा तास मुलांना शिकवणारे व्हिडिओ दाखवायचे आणि फोटो ग्रुपवर टाकायचा, असा वरून हुकूम. मुलांचा आवडता व्हिडिओ एकच. गुबगुबीत वाघोबा झाडाआडून येतो, 'मोजा माझे पट्टे' म्हणतो, मुलं एक, दोन, तीन करत त्याच्याजवळ जातात आणि तो सगळ्यांना मिठी मारतो.

आमच्या गावात जंगलात शिरल्यावर वाघाचं नावसुद्धा कोणी घेत नाही. नुसतं 'तो' म्हणतात. मोहफुलं वेचतानाही बाया एकमेकींना हाका मारत राहतात. यातलं काही ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी आमच्या पोरांना वाघ शिकवायचा. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या किती?

मोहाच्या दिवसांत एका पहाटे माझ्या अंगणवाडीतली चार वर्षांची पोर आईबरोबर फुलं वेचायला गेली. झुडपाआडून तो निघाला. बायांनी एकच आरडाओरडा केला, आणि ही पोर बोट पुढे करून, मोठमोठ्यानं मोजत, त्याच्याकडे चालू लागली. आईनं झडप घालून तिला मागे ओढलं. तो वळून निघून गेला, एवढंच नशीब.

हे कळल्याबरोबर मी सुपरवायझर मॅडमना फोन लावला. तो व्हिडिओ काढून टाका म्हटलं.

"मुलांच्या मनात प्राण्यांची भीती घालू नका हो बाई," त्या हसत म्हणाल्या. "आणि कालचा फोटो आला नाही तुमचा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इथल्या आयांनी दुधाबरोबर पाजलेली भीती यांच्या अर्ध्या तासानं धुऊन काढली, आणि यांना फोटो हवा. मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी आई पोरीला घेऊन दारात आली. पोरीचं मनगट तिनं घट्ट धरलं होतं.

"बाई, तुमी इले काय शिकवून राह्यले?" ती म्हणाली.

पोर मात्र हात सोडवून माझ्याकडे धावली. "बाई, मी चारवरी मोजले. मायनं पुढचे मोजूच नाई देल्ले."

बरोबर मोजलं की मी सगळ्यांकडून टाळ्या वाजवून घेते. ती माझ्यासमोर उभी राहून टाळ्यांची वाट पाहत होती.