उजवी कळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे बघा, माझ्या फजित्या आमच्या अख्ख्या कोपरीला पाठ आहेत. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं म्हणून मी खरोखरच शेवग्यावर चढलो आणि फांदीसकट खाली आलो. औषध समजून गुलाबांवर काकवी फवारली, मग मुंग्यांनी घरच ताब्यात घेतलं. मीच रंगवून सांगतो, मीच आधी हसतो. पण ही एक — ही कधीच नाही.

माघात आमच्या तळमजल्याच्या बागेत या. शेवगा मोहरलेला असतो, अबोली असते, शेवंती उतरत आलेली. आणि कुंपणाशी कुंद — पान दिसू नये इतका पांढरा. येणारा तिथेच थबकतो. मी लगेच त्याला अबोलीकडे वळवतो. का? सांगतो. जरा दमानं घेतो.

त्या वर्षी मी डेलिया लावलेला. ताटाएवढी फुलं येणार, अशी बढाईही मारून ठेवलेली. नौपाड्यातल्या पुष्पप्रदर्शनात कुंडी ठेवायची होती. कळ्या टरारून फुगल्या आणि नेमका देवगडकडच्या गावाहून फोन आला. मावशी. अंथरुणाला खिळलेली, धापा टाकत म्हणाली, "अक्काक सांग, एकदा येवन जा म्हणान."

अक्का म्हणजे माझी आई. दोघी बहिणी आंब्याच्या कलमांवरून भांडलेल्या, कित्येक वर्षं अबोला. निरोप मी दिला — तेवढा प्रामाणिक आहे मी! आईचे गुडघे गेलेले, एकटीनं जाणं शक्य नव्हतं. न्यायचं मीच. काय म्हणायला हवं होतं मी? "चल." एवढंच ना? मी म्हणालो, "बघू."

"देवीकच विचारूया," आई म्हणाली.

आमच्याकडे कौल लावतात. देव्हाऱ्यातल्या देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कुंदाच्या दोन कळ्या आईनेच खुडून आणल्या. "तूच लाव रे बाबा, माझो हात थरथरता."

डावी मी पाण्याने लावली. उजवी —

उजवी डिंकाने. कुंडीवर माझ्या नावाची चिठ्ठी डकवायला बाटली काढलेलीच होती.

आई डोळे मिटून पुटपुटत होती, "आई, उजवी दे. उजवी दे गे." मी शेजारी हात जोडून, चेहरा गंभीर. आणि खरं सांगू? आतून मला हसू येत होतं. काय शक्कल काढली!

डावी कळी टपकन पडली. "नको म्हणता," आई म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीला स्नान घालताना तिने मला हाक मारली. उजवी कळी जागची हलली नव्हती. तिथेच, खांद्यावर, उमलली होती. आईने बोट लावलं, निघेना. "बघ, सोडुक नाय ती," ती म्हणाली. "इतको राग."

मावशी तेव्हा जिवंत होती. गावाकडे जायला संध्याकाळची गाडी होती. बोलायला तोंड होतं मला — नव्हतं? मी फूल नखाने खरवडून काढलं आणि डेलियाला पाणी घालायला गेलो.

प्रदर्शनाच्या आधीच मावशी गेली. डेलियावर मावा पडला; परीक्षकांनी कुंडीसमोर नाक मुरडलं. हसा, हरकत नाही. या गोष्टीतला एवढाच भाग मी लोकांना सांगत आलोय.

त्यानंतर आईने देवीला काही विचारलं नाही. कुंदाचा गजरा करायची, पण पायाशी ठेवायची. गळ्यात घाल म्हटलं तर मान हलवायची. बहिणीशी भांडले ते देवीने माफ केलं नाही, हे तिने धरूनच ठेवलं. मी धरू दिलं. वर्षानुवर्षं, रोज समोर जेवायला बसून.

ती गेली तेही माघातच. खिडकीतून कुंद दिसत होता. तिने माझा हात धरला आणि विचारलं, "असा काय केललंय रे मी?"

मी तिची उशी सारखी केली. म्हटलं, "झोप आता."