बाबांची रायफल आणि सावंतवाडीचा रंग

बंदुकीचं लाकूड खेळणीवाल्याकडे दुरुस्तीला देऊ नये.

माझे बाबा फौजेत होते. त्यांची जुनी लष्करी रायफल रीतसर परवान्यासह माझ्या वाट्याला आली (भावाला घर मिळालं, तक्रार नाही!). त्याच सुमारास एका रानडुकराने आमची रताळी उकरायला सुरुवात केली. निम्मा मळा त्याने संपवलाच होता. खेटे घालून मी वनखात्याकडून त्याला मारायची परवानगी आणली. मुदत, एक आठवडा!

रायफलीचं लोखंड बंदूकवाल्याने ठणठणीत करून दिलं. पण खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता वाळवीने खाल्लेला. लाकडात सावंतवाडीच्या कारागिरांचा हात कोण धरणार? दस्ता सोडवून तिथल्या एका खेळणीवाल्याकडे पाठवला. त्याचा फोन आला तेव्हा मी बांगडे तळत होते.

"बाईनु, रंग कसलो मारू?"

"तुमचो नेहमीचो मारा हो! त्यात काय विचारतास!"

त्याने नेहमीचाच मारला. लालभडक दस्ता, पिवळे पट्टे, दोन्ही बाजूंना एकेक हिरवा पोपट!

नवऱ्याने एक पोपट बघितला, दस्ता उलटून दुसरा बघितला. "अगो, तू डुकराक मारतलंस की खेळवतलंस?"

"गोळी पोपटातून सुटत नाही," मी म्हटलं आणि दस्ता बसवला.

पण वापरण्याआधी रायफल पोलिसांना दाखवायची होती. हवालदारांनी कागद वाचला, रायफल बघितली, पुन्हा कागद वाचला.

"मॅडम, खरी रायफल कुठे आहे?"

"हीच खरी."

"कागदावर तपकिरी लिहिलंय."

"ती रंगवली."

"मुलांसाठी?"

"डुकरासाठी!"

त्यांनी साहेबांना बोलावलं. साहेबांनी लोखंडावरचा नंबर तीनदा ताडून पाहिला. नंबर बरोबर, नळी बरोबर, चाप बरोबर. चुकत होते ते फक्त पोपट! शेवटी त्यांनी गंभीरपणे शिक्का मारला. हवालदारांची ऑफिसातली शुद्ध मराठी मात्र दारापर्यंतच टिकली. "बाईनु, गोळी कित्याक फुकट घालवतास? ह्या बगून डुक्कर हसान हसानच मरतलो!"

परवानगीचा तो शेवटचा दिवस. संध्याकाळी मी मळ्यात दबा धरून बसले. नवरा मागे, माडाच्या आडोशाला. डुक्कर आलं. मी दस्ता गालाशी घट्ट दाबला, नेम धरला आणि चाप ओढला. धडाम! खांदा मागे, मी त्याच्या मागे. (कारागिराने रंग दोन दिवस सुकवायला सांगितलं होतं. दोन दिवस होते कुणाकडे?) डुक्कर एक रताळं तोंडात धरून सावकाश कुंपणापलीकडे गेलं.

नवरा धावत आला. "लागली?"

"नाही."

"मगे ह्या काय?" त्याने माझ्याकडे बॅटरी मारली.

डुक्कर जसंच्या तसं निसटलं होतं. पोपट मात्र चोचीसकट माझ्या उजव्या गालावर बसला होता.

आठवडाभर रॉकेलने घासला, उडाला नाही!