पोरी बघायला येणारे सर

आमचे सर कुणाच्याही घरी गेले की आधी माणसाकडं नाही, दाराच्या चौकटीकडं बघायचे. त्या दिवशीही तसंच झालं. फुलंब्रीच्या पुढं एका खेड्यात आम्ही दोघं म्हातारे ओट्यावर बसून चहा पीत होतो, अन् आतून एक पोरगी वाकून बाहेर आली. सरांनी कप खाली ठेवला आणि माझ्या मांडीवर चापट मारली. "मामा, चौकट गेली!" म्हणजे पोरगी चौकटीपेक्षा उंच. मग तिला म्हणाले, "वाकू नको गं. घर बुटकं आहे, तू नाहीस."

सरांबरोबरचा तो शेवटचा चहा. साखर लई होती. सर तरी दोन कप प्याले.

मी औरंगाबादला एका कॉलेजात जिमखान्याचा शिपाई होतो. सातवी नापास. सर तिथं खेळाचे मास्तर. अकरावी-बारावीच्या पोरींची बास्केटबॉलची टीम त्यांनी उभी केली. शहरातल्या पोरी उन्हात काळ्या पडायला तयार नव्हत्या. सर म्हणाले, "उंची काय फक्त शहरात उगवते का?" मग दरवर्षी दहावीचा निकाल लागला की आम्ही एसटीनं निघायचो. लासूर स्टेशन, फुलंब्री, पार अजिंठ्यापर्यंत. सरांची स्वतःची उंची सांगू? माझ्या खांद्याला लागायचे. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणला असता, हा माणूस टोपलीत बॉल टाकतो का टोपली डोक्यावर घेऊन भाजी विकतो?

आता तुम्हीच विचार करा. दोन अनोळखी पुरुष गावात येतात अन् विचारतात, "इथं उंच पोरगी कुणाची आहे?" लासूरला पहिल्याच घरात आमच्यापुढं पोहे आले. पोरगी ओढणी डोक्यावर घेऊन ट्रे घेऊन आली. सरांच्या काही ध्यानात येईना. म्हणाले, "जरा चालून दाखव. हं. आता उडी मार."

पोरीचा बाप उभाच राहिला. "आमच्यात उडी मारून दाखवत नाहीत. मुलगा काय करतो?"

"कोणता मुलगा?"

"तुमचा. ज्याच्यासाठी बघायला आलात."

"माझा मुलगा चौथीत आहे," सर म्हणाले.

पोहे अर्धे टाकून आम्ही एसटी स्टँड गाठलं. सर रस्ताभर हळहळत होते. पोह्यांसाठी नाही, पोरीच्या उडीसाठी.

पुढच्या खेपेला म्हणाले, "मामीला घेऊ बरोबर. बाई असली की लोकांचा गैरसमज होत नाही." मामी म्हणजे माझी बायको. कसलं काय! बाई दिसली अन् लोकांची खात्रीच पटली. पोह्यांबरोबर शिरा यायला लागला. पण आमच्या हिनं त्यावर तोड काढली. ओट्यावर टेकायचीच नाही. सरळ चुलीपाशी जायची अन् पोरीच्या आईला सांगायची, "बाई, सोयरीक नाय. दोन वर्षं पोरगी माझ्याजवळ राहील, माझ्या हातचं खाईल, बारावी होऊन परत येईल." बाहेर सर बापाला टीम, कोटा, ढाली सांगून घसा कोरडा करायचे. निकाल आत लागायचा. हे सरांना कळलं तेव्हा म्हणाले, "मामा, कोच मी नाही. मामी आहे."

कितीतरी पोरी आमच्या दोन खोल्यांत राहून गेल्या. सगळ्या ताडमाड. पाय पसरून झोपल्या की दार लागायचं नाही. मॅच हरून आल्या की ही त्यांना आधी जेवायला वाढायची अन् मग रडू द्यायची.

दोन वर्षांपूर्वी ही गेली. तेराव्यानंतर मी खाटेवरून उठतच नव्हतो. लोक यायचे, देवाची इच्छा म्हणायचे, चहा पिऊन जायचे. सर आले आणि माझ्या पोटावर बॉल टाकला.

"यात हवा नाही."

"माझ्यात तरी कुठं आहे?"

"तुझ्यात मागून भरू. आधी बॉल."

रोज सकाळी एक मऊ पडलेला बॉल घेऊन यायचे. मी उठायचो, पंप मारायचो, मग उठलोच आहे तर तोंड धुवायचो. महिन्याभरानं मला कळलं, हा गडी घरूनच हवा सोडून आणत होता. मी त्यांना शिवी दिली. इथं लिहिण्यासारखी नाही. सर हसले अन् दुसऱ्या दिवशी दोन बॉल घेऊन आले.

तर ती फुलंब्रीकडची पोरगी. दहावी पास झाली होती. गावात पुढं शाळा नव्हती आणि बाप बाहेर पाठवत नव्हता. खेळाच्या कोट्यातून अकरावीला जागा मिळत होती, पण फॉर्म दुसऱ्याच दिवशी द्यायचा होता. नाही दिला तर तिची पाटी फुटली.

पोरगी म्हणाली, "सर, मी कधी बॉल हातात धरला नाय."

"बरं झालं. वाईट सवय लागली नाही."

बाप म्हणाला, "त्या टोपलीला बूड नसतं म्हणे. बिनबुडाच्या टोपलीत बॉल टाकायला कॉलेज कशाला लागतं?" मग आवाज खाली आणून खरं बोलला. "सर, आत्ताच ही एवढी. खेळून अजून वाढली तर एवढा नवरा मी कुठून आणू?"

सर उठून उभे राहिले. "माझ्याकडं बघा, दादा. बत्तीस वर्षं खेळतोय. कुठं वाढलो?"

बाप हसला. पण व्हय म्हणाला नाही. "उद्या सांगतो. उद्या या." आत भांड्यांचा आवाज येत होता. आईशी बोलायला आत कुणी गेलं नाही. जाणारं होतं कोण? एसटीत सर म्हणाले, "आज मामी पाहिजे होती."

पहाटे सरांच्या मिसेसचा फोन आला. झोपेतच गेले. मी जाऊन पाहिलं. चादरीखाली आणखीच लहान दिसत होते. मुलगा पुण्याहून निघाला होता, चारच्या आधी उचलणार नव्हते. मला तिथं काही काम नव्हतं. खुंटीवर कालचा सदरा होता, खिशात घडी घातलेला फॉर्म. तो मी काढून घेतला आणि फुलंब्रीची एसटी धरली. मयताच्या घरून उठून कुणाच्या दारी जाऊ नये, मला ठाऊक आहे. गेलो.

बाप ओट्यावरच होता. "सर नाय आले?"

"सर गेले. चार वाजता उचलायचेत. त्याच्या आधी व्हय का नाय ते सांगा."

मी ओट्यावर चढलो नाही. अंगणातूनच आतल्या बाईला हाक मारली. "ताई, माझी बायको असती तर आत येऊन बोलली असती. ती नाय. सर बी नायत. आता पोरींचं वसतिगृह झालंय, पोरगी तिथं राहील. दर रविवारी जाऊन मी बघीन, नीट जेवती का नाय. एवढंच माझ्या हातात आहे."

बाई बाहेर आली ती कापडी पिशवी घेऊनच. टीसी, मार्कमेमो, पोरीचे दोन ड्रेस. कालच भरून ठेवली होती. नवऱ्याला म्हणाली, "बघता काय? टोपी घाला, तुम्ही बी जा."

कॉलेजात खिडकीवरच्या क्लार्कनं फॉर्म उलटापालटा केला. खाली सरांची सही होती. "सर स्वतः नाही आले?"

"आधी शिक्का मार," मी म्हणालो.

त्यानं शिक्का मारला, पोच दिली. मी ती पोरीच्या हातात ठेवली, अन् मग आम्ही तिघं सरांच्या घराकडं निघालो.