तगरीच्या फुलातला कोळी

खोपटच्या एसटी डेपोत मी तीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली. निवृत्त झालो तेव्हा मुलीने तिचा जुना कॅमेरा माझ्या हातात दिला. म्हणाली, "बाबा, यात जीव रमवा, नाहीतर आईचा मिक्सर खोलून बसाल."

कल्याणला आमच्या सोसायटीत गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत फुलझाडं आहेत. तिथूनच सुरुवात केली. पहिले दोन महिने एकतर फूल हलायचं, नाहीतर मी. मग लॅपटॉपवर फोटो सुधारायला शिकलो आणि हाताला चाळाच लागला. रंग वाढवायची पट्टी दिसली की शेवटपर्यंत ओढायची. असाच एक जास्वंदीचा फोटो बायकोला दाखवला. तिने चष्मा लावून नीट पाहिला आणि विचारलं, "हे मंडपातलं कापडी फूल कुठे मिळालं तुम्हाला?"

त्या रविवारी मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. समोर तगरीचा फोटो होता. वरच्या पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, खालची बाजू पार काळपट.

"रंगाला हात लावू नका," ती म्हणाली. "ही सावलीची पट्टी. हळूहळू सरकवा आणि फुलाकडे बघत राहा."

मी सरकवत गेलो. काळोख निवळला, पाकळीवरच्या बारीक शिरा दिसू लागल्या. एका पाकळीची कड मला दुमडल्यासारखी वाटली, म्हणून तेवढाच भाग मोठा केला. तर ते पाय होते. पाकळीइतकाच पांढरा, तांदळाच्या दाण्याएवढा एक कोळी, खेकड्यासारखे पुढचे पाय फाकवून बसलेला.

"हा तिथे होता?"

"फोटो तुम्हीच काढलाय ना," मुलगी म्हणाली.

काढला होता. वीतभर अंतरावर, चांगली वीस मिनिटं गुडघे टेकून बसलेलो. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा बिघाड सांगणारा मी, आणि समोरचा जीव मला दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तगरीपाशी गेलो. फुलामागून फूल पाहत गेलो, तेव्हा कुठे तो सापडला. तेवढ्यात एक माशी येऊन फुलावर बसली. त्याने तिला कधी धरलं ते कळलंच नाही. फोटोत फक्त एक अस्पष्ट पंख आला.

बायको परडी घेऊन देवाची फुलं तोडायला खाली आली होती. मी बोटाने दाखवलं. ती वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली.

"रोज तोडते मी ही फुलं," ती हळूच म्हणाली. "कधी बघितलंच नाही."

मग तीही माझ्या शेजारी खाली बसली. आम्हा दोघांना असं झाडाखाली बसलेलं पाहून वॉचमन लगबगीने आले. "काय हरवलं का, काका?"

"नाही हो," बायको म्हणाली. "या, तुम्हीपण बघा."

तेही गुडघ्यांवर हात टेकून वाकले.