मोठ्या मशीनकडे काय मागावं

मला राग पटकन येतो. घरात, कॉलेजात, भाजीवाल्यापाशी, सगळीकडे माझी हीच ख्याती आहे. त्यामुळे मला काही मागायला संकोच वाटतो असं सांगितलं, तर बुऱ्हाणपुरात कुणी विश्वास ठेवणार नाही. मीही ठेवला नसता. पण ते मला एका कॉम्प्युटरने दाखवून दिलं, आणि तो कॉम्प्युटर मी अजून डोळ्यांनी पाहिलेलाही नाही.

मी इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, पण पक्क्या नोकरीवर नाही. आमच्या मध्य प्रदेशात अशांना अतिथी विद्वान म्हणतात. नाव मोठं भारदस्त, पण दर वर्षी नव्याने यादी लागते आणि दर वर्षी जीव टांगणीला लागतो. अलीकडे त्या यादीत पीएचडी झालेल्यांची गर्दी वाढली, आणि माझी पीएचडी तर वर्षानुवर्षं चाललेली. विषय केळीचा. केळीच्या पानांवर पिवळे पट्टे पाडणारा एक विषाणू आहे. तो बागेत शिरला की झाडं उपटून टाकण्यावाचून इलाज नसतो. तापीकाठच्या माझ्या भावाच्या बागेतून मी तसली पानं गोळा करून लॅबला पाठवली होती. लॅबने त्या विषाणूची जनुकीय माहिती वाचून दिली, पण लहान लहान तुकड्यांत. ते असंख्य तुकडे एकमेकांना जुळवले, की आमच्याकडचा विषाणू नेमका कोणता ते कळणार होतं. सगळा प्रबंध तिथेच अडला होता. विद्यापीठाने शेवटची मुदतवाढ दिली होती, दिवाळीनंतरच्या सोमवारपर्यंत. तोवर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि मग पुढच्या यादीत माझं नाव कशाला येतंय?

माझ्या लॅपटॉपला हे काम सांगितलं तर तो थोडा वेळ घरघरला आणि बंद पडला. गाइडना फोन केला. ते म्हणाले, यासाठी विद्यापीठाचा मोठा कॉम्प्युटर आहे, सगळे संशोधक मिळून वापरतात, घरबसल्या चालतो, खातं उघडून घ्या. मग इतकी वर्षं हे कुठे ठेवलं होतं, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण गाइडशी वाकडं घेऊन कुणाचं भलं झालंय? बरं सर म्हटलं आणि फोन ठेवला.

खात्याचा अर्ज ऑनलाइन होता. नाव, विभाग, विषय, मोबाइल नंबर. मोबाइलच्या जागी मी यांचा नंबर लिहिला. विचारसुद्धा केला नाही. गॅसचं बुकिंग, लाइटबिल, मुलीची शाळा, माझं स्वतःचं बँकखातं, आमच्या घरात जिथे कुठे नंबर मागतात तिथे यांचाच नंबर जातो. खातं मिळाल्याचा मेल आला, तेव्हा मी लोधीपुऱ्यातल्या घरी मोठ्या ऐटीत लॅपटॉप उघडून बसले. पासवर्ड टाकला. मशीन म्हणालं, आता मोबाइलवर आलेला आकडा टाका. आणि मोबाइल तर इतवाऱ्यात, यांच्या कापडाच्या दुकानात.

मग आमची सर्कस सुरू झाली. मी फोन लावायची, तेव्हा हे गिऱ्हाइकापुढे साड्यांचे ढीग उलगडून बसलेले. जरा थांब म्हणायचे, चष्मा शोधायचे, मेसेज उघडायचे, आणि आकडा माझ्यापर्यंत येईतो त्याची मुदत उलटलेली असायची. एकदा तर घाईघाईत यांनी मला साडीचा भाव सांगितला आणि गिऱ्हाइकाला माझा आकडा. गिऱ्हाईक उठून चालतं झालं म्हणे. संध्याकाळी हे घरी आले तेव्हा मी चांगलंच तोंडसुख घेतलं. त्यांनी पाय धुतले, पाणी प्यायलं आणि शांतपणे विचारलं, अर्जावर नंबर कुणी लिहिला होता? दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या संगणक केंद्राला मेल टाकून मी माझा नंबर लावून घेतला.

एकदाची आत शिरले. आत काय, तर काळी खिडकी. चित्र नाही, बटण नाही, नुसतं एक चौकोनी टिंब लुकलुकतंय. वर एक सूचना होती: हे मशीन सगळ्यांचं आहे. मोठं काम दारातच मांडून बसू नका, रांगेत लावा. रांगेत लावताना किती तास लागतील आणि किती मेमरी लागेल ते लिहा. तुमची पाळी आली की आतलं मशीन काम हाती घेईल. हे वाचून मला जरा बरंच वाटलं. रांग तर आपल्याला जन्मापासून माहीत आहे.

रांगेत आधीच कोण कोण आहे ते पाहता यायचं. कुणी हवामानाचं काम लावलेलं, कुणी औषधांचं. कुणी सरळ तीन दिवस मागितलेले, कुणी मेमरी इतकी की मला वाचूनच दडपण आलं. माझ्या मनात आलं, केवढी मोठी माणसं ही, आणि आपण कुठल्या कोपऱ्यातल्या. खातं मिळालं तेच खूप झालं. मी दोन तास मागितले आणि मेमरी सगळ्यात थोडी. पाळी आली, काम सुरू झालं. बरोबर दोन तासांनी बंद. कारण लिहिलेलं: मुदत संपली. हाती काहीच नाही, पुन्हा पहिल्यापासून. मग तीन तास मागितले. पुन्हा तेच. मग तास आणखी वाढवले आणि मेमरी चिमूटभर, तर मशीनने काम मध्येच मारून टाकलं, मेमरी पुरली नाही म्हणून.

आता हसू येतं, पण तेव्हा मी मनात काय धरून बसले होते ते सांगते. आमच्याकडे कुणाच्या घरी जेवायला गेलं, की पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही नको. पानावर आडवा हात धरायचा, आणि यजमानीण त्या हाताच्या फटीतून रव्या-तुपाचा गोड दराबा वाढतेच. पहिल्याच हाकेला ताट पुढे करणारी बाई म्हणजे हावरट. माझी आई पाहुणी म्हणून कुठेही गेली तरी तिला पोटभर जेवायला मिळायचं, आणि तिने तोंडाने कधी काही मागितलेलं मी पाहिलं नाही. मीही त्या मशीनपुढे तशीच आडवा हात धरून बसले होते. कुठेतरी आत वाटत होतं, की काम चाललेलं दिसतंय, बाई मन लावून करतेय, तर ते आपणहून थोडं वाढेल. पण मशीनला आग्रह करता येत नाही. दोन तास म्हटले की दोनच तास.

असं करत दसरा आला. गाइडचा फोन आला, निकाल कुठवर आला म्हणून. सुरू आहे, एवढंच सांगितलं. दिवाळी वीस दिवसांवर आली होती, मी घाबरले. आणि घाबरले की मला राग येतो, हे माझं जुनंच आहे. मी संगणक केंद्राला मेल लिहिला आणि त्यात मनातलं सगळं ओकले. तुमचं मशीन मला मध्येच हाकलून देतं. बाकीच्यांची कामं तीन-तीन दिवस चालतात. मी लहान गावातल्या कॉलेजातली आहे म्हणून माझ्या खात्याला ही वागणूक आहे का?

दुपारी केंद्रातून फोन आला. तिथले इंजिनिअर होते, हिंदीत बोलत होते, आवाज तरुण पण दमलेला. मला वाटलं, आता ऐकवणार. त्यांनी माझी सगळी कामं समोर उघडली होती. एकेक वाचून दाखवलं, कधी लावलं, किती मागितलं, कुठे बंद पडलं. मशीनने कुठेही हाकललं नव्हतं. प्रत्येक वेळी मीच आखलेल्या रेघेवर ते थांबलं होतं. मग ते म्हणाले, "मॅडम, एक बात पूछूँ? आप इतना कम क्यों माँगती हो?"

मी म्हटलं, रांगेत इतके लोक आहेत, त्यांचं अडू नये म्हणून. त्यावर त्यांनी जे समजावलं ते मला अजून टोचतं. तीन दिवस मागायची मुभा प्रत्येक खात्याला आहे, माझ्याही. तो माझा वाटा आहे, मेहेरबानी नाही. आणि मी थोडं थोडं मागून जे तास घेतले ते सगळे फुकट गेले, कारण काम एकदाही तडीस गेलं नाही. ते तास दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडले असते. म्हणजे मी पानावर थोडं थोडं वाढून घेत होते आणि दर वेळी पान तसंच टाकून उठत होते. लोकांचं अडू नये म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्या मेलबद्दल मी माफी मागितली. ते म्हणाले, कोई बात नहीं, लेकिन अब पूरा माँगिए।

त्याच दिवशी मी तीन दिवस लिहिले, आणि मेमरी त्यांनी सांगितली तेवढी. खोटं कशाला बोलू, तो आकडा टाकताना हात आखडत होता, भरल्या पंक्तीत उभं राहून आणखी वाढा म्हणून ओरडल्यासारखं वाटत होतं. मोठं मागणं म्हणून रांगेतही जास्त थांबावं लागलं. त्या दिवसांत मी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. शेवटी काम सुरू झालं, चाललं, मध्ये थांबलं नाही. एका सकाळी कुकर लावता लावता मी लॅपटॉप पाहिला, तर काम पूर्ण झालं होतं. सगळे तुकडे जुळून एक सलग ओळ तयार झाली होती. भावाच्या बागेतल्या त्या विषाणूला आता ओळख होती. मी गॅस बंद करून तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले.

प्रबंध वेळेत गेला. हे आधीच सांगून टाकते, कारण मला खरं सांगायचंय ते त्याच्या आधीचं आहे.

निकाल आला तेव्हा दिवाळी तोंडावर होती. प्रबंधाचा अख्खा शेवटचा भाग लिहायचा राहिला होता. आणि घरात साफसफाई, फराळ, नणंद मुलांना घेऊन येणार. रात्री जेवताना मी म्हटलं, मला लिहायला वेळ लागेल. यांनी विचारलं, किती? माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. थोडंसंच आहे, एक-दोन दिवस, मी जमवते. तेच मी नेहमी सांगत आले होते. ते शब्द मी गिळले.

म्हटलं, "दिवाळीपर्यंत रोज. सकाळी बसले की संध्याकाळी उठणार. फराळ नाही, साफसफाई नाही, पाहुणे नाहीत. मला सगळे दिवस हवेत."

मी भांडणाच्या तयारीत होते. काय काय ऐकवायचं तेही मनात जुळवलेलं होतं. इतकी वर्षं मला या घरात कुणी शिकू दिलं नाही, हे मी मैत्रिणींना किती वेळा सांगितलं असेल. मनातल्या मनात तर रोजच. यांनी आईकडे पाहिलं. सासूबाईंनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"मंग आतापावतो बोलली काबरं नाही?" त्या म्हणाल्या. "तू तं सदा म्हणे, थोडंसं काम आहे. आम्हाले वाटे, थोडंसंच असंल."

त्यात टोमणा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. हे म्हणाले, बरं, फराळ बाहेरून आणू, ताईला मी सांगतो. आणि दोघंही पुन्हा जेवायला लागले. माझा सगळा राग माझ्या हातात तसाच राहिला, कुणावर टाकावा ते कळेना. या घराने मला कधी नाही म्हटलंच नव्हतं. मी जेवढं मागितलं, तेवढं त्यांनी दिलं होतं.