एका गाडीला दोन शिट्ट्या

किस्से गोळा करावे लागत नाहीत हो, ते आपले आपण साठतात. घाटात रुळावर काम करणाऱ्याच्या खिशात संध्याकाळी खडीची धूळ निघते ना, तसे! मी खंडाळ्याच्या घाटात चावीवाला होतो. सकाळी चार-पाच मैल चालत रुळाच्या चाव्या, म्हणजे रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरी, ठोकायच्या, मग दिवसभर गँगबरोबर काम. हसवणारे किस्से ढीगभर आहेत. पण तुम्ही दंग्यानंतरचं विचारताय. त्यांचंही हसू येतं, जरा उशिरा येतं.

देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. लोणावळ्याच्या बाजारात मिरवणुकीच्या वाजंत्रीवरून दगडफेक झाली. दोन-तीन तासांत सगळं थंड. पण तेवढ्यात आमच्या सखारामच्या धाकट्या भावाला, विठूला, मागून दंडावर सुरा लागला. हात वाचला, बोटं मिटेनात. आणि इब्राहिमभाईच्या मेव्हण्याची बेकरी जळाली.

सखाराम आणि इब्राहिमभाई, दोघंही आमच्याच गँगमध्ये!

गँगमध्ये आम्ही बारा जण. मुकादम रामभाऊ धरून सात हिंदू, पाच मुसलमान. हा आकडा मला आज सांगता येतो. दंग्याआधी विचारलं असतंत तर आला नसता. कोणी मोजलंच नव्हतं!

*

इब्राहिमभाई आमचे शिट्टीवाले. गँग बोगद्यात काम करत असली की एक माणूस तोंडाशी उभा राहतो. गाडी दिसली की शिट्टी मारतो, आम्ही रुळावरून बाजूला. आमच्या लाइनीवर विजेची इंजिनं. धूर नाही, धाप नाही. घाट उतरताना तर गाडी पाठीशी येईपर्यंत कळायची नाही. सगळा भरवसा त्या शिट्टीवर. इब्राहिमभाईंचा कान असा, की गाडी वळणापलीकडे असताना रुळाला हात लावून सांगायचे, "मालगाडी हाय. भरलेली."

दंग्यानंतर आठव्या दिवशी गँग पुन्हा कामावर आली. सखाराम बोगद्याच्या तोंडाशी घमेलं आपटून उभा राहिला.

"ह्याच्या शिट्टीवर मी आत जाणार न्हाई!"

इब्राहिमभाई शांतपणे म्हणाले, "मग मी आत जातो. शिट्टी तू मार."

तर मागचे चौघं मुसलमान ओरडले, "त्याच्या शिट्टीवर आमी जाणार न्हाई!"

रामभाऊंनी डोकं धरलं. शेवटी तोडगा निघाला. दोन शिट्टीवाले! बोगद्याच्या तोंडाशी रुळाच्या एका बाजूला इब्राहिमभाई, दुसऱ्या बाजूला आमचा दगडू. गाडी आली की दोघांनी वाजवायची. ज्यानं त्यानं आपापली ऐकायची.

*

महिनाभरानं लाइनीचे साहेब तपासणीला आले. साहेब गोव्याकडचे, मराठी-हिंदीची मिसळ बोलायचे. त्यांच्यासमोरच गाडी आली. एक शिट्टी झाली, चार माणसं बाजूला. दुसरी झाली, मग बाकीचे बाजूला.

"मुकादम, ये दो-दो शिट्टी कशाला?"

रामभाऊ खोटं बोलणारे नव्हेत. "साहेब, एक मुसलमानांची, एक हिंदूंची."

साहेबांनी जाणाऱ्या गाडीकडे बघितलं. शेवटचा डबा बोगद्यात गडप झाला तेव्हा म्हणाले, "इंजिन को मालूम है?"

कोणी हसलं नाही. मी घरी जाऊन हसलो, आणि माझी बायको म्हणाली, "हसताय काय? इंजनाला ठावं न्हाई, त्याचंच तर भ्या वाटतंय."

*

मग पाणी वेगळं झालं. आधी एक मडकं होतं, आता दोन आली. पाणी आणायची पार्वतामावशी, डोंगराच्या कुशीतली ठाकर बाई. बोगद्याशेजारच्या झऱ्यावरून भरायची आणि चढण चढून यायची. पहिल्या दिवशी दोन मडकी घेऊन आली आणि सगळ्यांच्या मधोमध टेकवली.

सखाराम म्हणाला, "मावशी, आमचं कोणतं?"

"मला काय ठावं? झऱ्यानं सांगितलं न्हाई."

"असं कसं? खूण ठेव की!"

मावशीनं डोक्यावरची चुंबळ काढली. "मडकी दोन केलीत, बाबांनो. डोकं एकच हाय, अन् ते दुखतंय!"

त्या दिवशी बारा जण संध्याकाळपर्यंत तहानलेले राहिले. कोणत्या मडक्याला हात लावावा, कोणालाच कळेना!

*

रूळ उचलायचा म्हणजे सगळ्यांचा दम एका वेळी लागायला हवा. त्यासाठी हाळी असते. पूर्वी रामभाऊ कधी बजरंगबलीची द्यायचे, कधी अलीची. जे तोंडात येईल ते. बाकीचे अकरा जण ओ द्यायचे आणि रूळ कापसासारखा उठायचा.

आता बजरंगबली म्हटलं की पाच तोंडं बंद. अली म्हटलं की सहा. एकदा अर्ध्यांनी उचललं, अर्ध्यांनी नाही. रूळ कलंडला आणि दगडूच्या अंगठ्याचं नख घेऊन गेला.

दगडू बोंबलत बसला. रामभाऊ संतापानं ओरडले, "आजपास्नं देवाचं नाव बंद! कुणाच्याच देवाचं न्हाई!"

"मग काय म्हणायचं?"

रामभाऊंनी इकडेतिकडे बघितलं. झाडाखाली जेवणाची गाठोडी ठेवली होती.

"बोला, भाकरी!"

"भाकरी!"

रूळ उठला. आमच्या गँगचा रूळ त्यानंतर वर्षभर भाकरीवर उठत होता!

*

एकदा गावातले दोन पुढारी आले. पांढरे कपडे, पायात करकरीत बूट. रामभाऊंना बाजूला घेऊन म्हणाले, "मुकादम, ही पाच माणसं तुमच्या गँगमधून घालवा. साहेबांना अर्ज द्या. आम्ही सह्या घेतो."

रामभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. "व्हय, देतो की. पर रूळ उचलाया बारा माणसं लागत्यात. पाच गेली तर पाच पायजेत. तुमी दोघं आलाय, तीन अजून आणा." आणि रुळाचा लोखंडी चिमटा पुढाऱ्याच्या हातात दिला. "बूट काढा. खडीत खराब हुतील."

पुढारी गेले. मला वाटलं, सखाराम आता रामभाऊंवर तुटून पडणार. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, त्येंच्यातला एक दंग्याच्या दिवशी माझ्याच शेजारी हुता. दगड पडाया लागल्यावर सगळ्यात आदी तोच पळाला."

*

हा किस्सा मी सहसा सांगत नाही.

बोगद्यात खडी ठोकत होतो. वारा जोराचा. इब्राहिमभाईंची शिट्टी झाली. चार माणसं बाजूला झाली. आम्ही थांबलो. दगडूची शिट्टी व्हायची होती ना!

ती होईना. वाऱ्यामुळे तो जरा लांब, वळणाच्या आडोशाला उभा होता; त्याला ना गाडी दिसली होती, ना इब्राहिमभाईंची शिट्टी ऐकू आली होती. इब्राहिमभाई जीव खाऊन शिट्टी मारत होते. सखाराम वाकलेलाच. आणि मी? मला इब्राहिमभाईंची शिट्टी बारा वर्षं ओळखीची. माझ्या मुलाच्या बारशाला पाळण्याची दोरी धरून उभा असलेला माणूस तो! तरी मी दगडूच्या दिशेला बघत राहिलो.

शेवटी इब्राहिमभाई धावत आत आले आणि आम्हाला ढकलत सुटले. मी भिंतीला चिकटलो. सखारामला त्यांनी सदऱ्याला धरून ओढलं. गाडीनं त्याचं घमेलं उडवलं. बोगद्यात तो आवाज किती वेळ घुमत राहिला, सांगता येत नाही.

गाडी गेली. इब्राहिमभाई धापा टाकत म्हणाले,

"माझी शिट्टी काय इंजनाला ऐकवाया हुती?"

सखाराम खाली बघत होता. मग ते माझ्याकडे वळले. आवाज एकदम खाली आला.

"सखारामचं मला समजतंय, गणपा. त्याच्या भावाला लागलंय. तुझं काय जळालं हुतं?"

मी वाकून खडीत पडलेली माझी पहार शोधायला लागलो.

रामभाऊंनी दगडूच्या हातातली शिट्टी घेतली आणि दरीत भिरकावली. "आता शिट्टी एक! जो ऐकणार न्हाई, त्यानं सकाळी बायकोला सांगून यावं!"

दुसऱ्या दिवशी सगळे आत गेले. सखारामही गेला. इब्राहिमभाईंशी मात्र तो बोलला नाही, त्यांचं नावही त्यानं घेतलं नाही.

*

आणि हा शेवटचा.

विठूच्या सुऱ्याचा खटला वडगावच्या कोर्टात उभा राहिला. आरोपी कोण? इब्राहिमभाईंचा पुतण्या, युसुफ. विठूला वार मागून झालेला, त्यानं कोणाला पाहिलं नव्हतं. साक्षीदार एकटा सखाराम. चार महिने तो गँगमध्ये छाती ठोकून सांगत होता, "मी ह्या डोळ्यांनी पाह्यलंय. युसुफच हुता."

मी सखारामबरोबर गेलो. इब्राहिमभाई आधीच्या गाडीनं आले होते. कोर्टाच्या भिंतीला टेकून उभे, टोपी हातात. आम्हाला बघून त्यांनी मान वळवली.

सखाराम पिंजऱ्यात चढला. समोर युसुफ. विशीचा पोरगा, ओठ कोरडे पडलेले. सरकारी वकिलानं विचारलं, "सुरा मारणारा इसम इथे हजर आहे का?"

सखारामनं युसुफकडे इतका वेळ बघितलं, की मॅजिस्ट्रेटनं लिहिता लिहिता मान वर केली.

"न्हाई सांगता येत, साहेब."

"म्हणजे? पोलिसांपुढे तर तुम्ही नाव सांगितलंत!"

"धूर लय हुता. न्हाई दिसलं."

मी चमकलो. धूर? बेकरी पेटली ती विठूला लागल्यावर तासाभरानं! तेव्हा बाजारात धुराचा पत्ता नव्हता. मी सखारामच्या शेजारीच होतो; वार झाला तेव्हा माझी पाठ तिकडे होती, एवढंच.

वकील चिडला, कागद आपटले, उलटसुलट विचारलं. सखाराम तेच एक वाक्य बोलत राहिला. दुपारपर्यंत युसुफ सुटला.

परतीच्या गाडीला वेळ होता. वडगावच्या फलाटावर आम्ही दोघं एका टोकाला, इब्राहिमभाई दुसऱ्या. गाडीची घंटा झाली तसे ते चालत आमच्याकडे आले आणि सखारामसमोर उभे राहिले. काही बोलायचं होतं त्यांना. हातातली टोपी नुसती फिरवत राहिले.

सखाराम रुळाकडे बघत होता. तसाच बघत म्हणाला,

"इब्राहिमभाई, पोराला सांगा, बाजारात माझ्यासमोर यिऊ नगं म्हणावं. आला तर मला दिसंल."